‘शंवाकि’मधला ‘वा’ कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, लोखंडी नांगरांचे कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांवरचा लेख वाचला. रागाच्या भरात लिहू नये म्हणून काल दिवसभर गप्प बसले. आज सोमवारची संध्याकाळ झाली तरी राग जागच्या जागी आहे, म्हणजे आता लिहायला हरकत नसावी.

लेख छान सजवला आहे. मथळा मोठा, चौकटी दोन, आणि ‘माळरानावर नंदनवन फुलवले’ हे वाक्य तीनदा. पण त्यातच एका ओळीत ठोकून दिलं आहे की लक्ष्मणरावांचे ‘साहित्यिक चिरंजीव’ शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिकं चालवली.

चिरंजीव? अहो, शंकरराव पुतणे. लक्ष्मणरावांचे थोरले चिरंजीव शंतनुराव, जन्म १९०३, जे पुढे अमेरिकेतून इंजिनिअर होऊन आले. शंकरराव त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे, लक्ष्मणरावांचे बंधू वासुदेवराव यांचे पुत्र. आणि हे शोधायला दप्तरखान्यात जायला नको. ते स्वतःची सही काय करत? ‘शंवाकि’. आत्मचरित्राचं नावही ‘शंवाकीय’. आता मधला ‘वा’ कुठून आला, एवढा प्रश्न लेखकाला किंवा तुमच्या मुद्रितशोधकाला पडू नये? लक्ष्मणरावांचे चिरंजीव असते तर ‘शंलकि’ झाले असते. उच्चारून पाहा, जीभ अडखळते.

एकच चूक असती तर सोडून दिली असती. पण पुढच्याच परिच्छेदात लक्ष्मणरावांना ‘संगीत नाटकांचा वारसा वडिलांकडून’ मिळाल्याचंही छापलं आहे. म्हणजे ‘संगीत शाकुंतल’ नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांचे वडील! अण्णासाहेब म्हणजे बळवंत पांडुरंग. लक्ष्मणरावांच्या वडिलांचं नाव काशिनाथपंत. गाव एकच, गुर्लहोसूर, आडनाव एक, म्हणून बापही एकच? ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं १८८० साली, तेव्हा लक्ष्मणराव अकरा वर्षांचे होते आणि स्वतःच्या वडिलांच्या घरी होते. एका लेखात एक बाप बदलला, एक मुलगा वाढवला. जनगणनेच्या कामालासुद्धा असा माणूस कोणी घेणार नाही.

‘पुतण्या काय नि मुलगा काय’ असं तुमच्याकडे कोणी म्हणेल, म्हणून थोडं सांगते. लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथे कळलं की त्यांना रंगच नीट ओळखता येत नाहीत. रंगपेटी मिटली. यंत्रांच्या रेखाचित्रांना रंग लागत नाहीत, म्हणून ते तिकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तुमच्या लेखात याचं ‘कलेचा त्याग करून उद्योगाचा ध्यास घेतला’ असं झालं आहे. त्याग वगैरे काही नाही, डोळ्यांनी नकार दिला. आणि याच घरातला पुतण्या, शंकर वासुदेव, चित्रकला शिकायला थेट लाहोरला चित्रकार पंडित सातवळेकरांकडे गेला. काकांना जे दिसलं नाही ते पुतण्या शिकून आला. पुढे कारखान्याच्या जाहिराती त्यानेच पाहिल्या आणि १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. नांगर विकणाऱ्या कारखान्याचं पत्रक बघता बघता अख्ख्या महाराष्ट्राचं मासिक झालं. मग १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’. आणि काकांचं चरित्रही याच पुतण्याने लिहिलं, ‘यांत्रिकाची यात्रा’. तुमच्या लेखातले अर्धे प्रसंग त्याच पुस्तकातून आलेले दिसतात. पुस्तक घ्यायचं आणि लिहिणाऱ्याचा बाप बदलायचा, ही कुठली रीत?

आता मला एवढं का झोंबलं, तेही सांगते.

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. ‘स्त्री’ आणि ‘किर्लोस्कर’ची वर्गणी ती घरखर्चातून वाचवून भरायची. वडील विचारायचे, ‘या महिन्यात तेल लवकर संपलं का?’ ती म्हणायची, ‘संपलं.’ सगळे अंक जपलेले. काही तिच्या मामाकडून आलेले, लढाईच्या आधीचे. त्यात शंकररावांच्या ‘टाकाच्या फेकी’, म्हणजे त्यांची व्यंगचित्रं होती. वर्षाचे अंक जमले की बांधायला जायचे. आमच्या बाइंडरला सवय होती, मुखपृष्ठं नि जाहिराती फाडून टाकायच्या आणि नुसता मजकूर शिवायचा. पहिल्या खेपेला त्याने तसंच केलं. आईने तो खंड तिथेच त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, ‘फाडलेली पानं शोधा आणि पुन्हा बांधा. चित्रं पण वाचायची असतात.’ त्याने कातरणांच्या ढिगातून पानं काढली आणि पुन्हा बांधलं. त्या खंडात नांगराची जाहिरात कवितेच्या मधोमध आली होती. आई गेली तोपर्यंत लाल कापडी पुठ्ठ्याचे एकतीस खंड झाले होते.

घर लहान झालं तेव्हा ते खंड मी एका वाचनालयाला दिले. कोणत्या, ते लिहीत नाही. तुम्ही छापणार नाही आणि मला भांडणाची हौस नाही. रिक्षाने तीन खेपा केल्या. छोटा समारंभ झाला, नारळ मिळाला, पावती मिळाली. पावतीवर ‘जुनी मासिके, ३१’ एवढंच. सहा वर्षांनी नातीला १९३० च्या दशकातला एक अंक दाखवावा म्हणून गेले तर कपाटच नाही. तिथल्या बाईंनी रजिस्टर काढलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘ते निर्लेखित केलेत.’ मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणजे रद्दीत दिले. कोणी नेत नव्हतं, जागा अडत होती, ठराव झाला होता. वर मलाच विचारलं, ‘त्यात स्पर्धा परीक्षेचं काही होतं का?’

नव्हतं हो. काही नव्हतं स्पर्धा परीक्षेचं. बायकांनी अंगावर कमी दागिने घालावेत का, ग्रहणात जेवावं का, धंदा करणं हलकं का समजतात, असलंच सगळं होतं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्याच मासिकात आले होते, आणि ते वाचून आमच्या आजीने आईशी चार दिवस अबोला धरला होता.

एक कागदी पुरावा घरात होता, तो मीच घालवला. म्हणून आता छापून येणाऱ्या प्रत्येक अक्षराकडे डोळे लावून बसते. आणि छापून येतं काय? ‘साहित्यिक चिरंजीव’.

लेखात आणखी एक गोष्ट खटकली. सगळं लक्ष्मणरावांनी ‘एकहाती’ केलं म्हणे. बेळगावला सायकली विकून लोकांना त्या चालवायला शिकवणारे थोरले बंधू रामूअण्णा होते. १९१० साली कारखान्याची बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं, तेव्हाही रामूअण्णा बरोबर होते. शिवाय शंभोराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर हे साथीदार होते. आणि राधाबाईंचं, लक्ष्मणरावांच्या पत्नीचं, अख्ख्या लेखात नाव नाही. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर सात वर्षांच्या मुलाला घेऊन संसार मांडायचा, तो काय नांगराने मांडला? दोन चौकटी होत्या ना तुमच्याकडे? एकीत लक्ष्मणरावांचे ‘यशाचे पाच मंत्र’ छापलेत. त्या माणसाचा पहिला लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली. लाकडी नांगराला लोखंडी फाळ चालत होता, पण सगळा नांगरच लोखंडाचा म्हटल्यावर जमिनीत विष उतरेल असं शेतकऱ्यांना वाटायचं. त्या दोन वर्षांत त्यांनी कोणता मंत्र म्हटला, तेही विचारून ठेवा.

लेखक तरुण असावेत. त्यांचा मला राग नाही, कोणीतरी त्यांना हे सांगायला हवं होतं. पूर्वी तुमच्याकडे उपसंपादक असत, ते फोन करून विचारत, ‘बाई, हे साल बरोबर आहे का?’ आता दिसेनासे झालेत. की तेही निर्लेखित?

जाता जाता. गेल्या वर्षी तुम्ही माझं एक पत्र अर्धं कापून छापलंत. ‘पुलाला माझा विरोध नाही, पण’ असं वाक्य होतं. त्यातलं ‘पण’ आणि पुढचं सगळं गेलं, आणि मी पुलाच्या बाजूची ठरले. वॉर्डातले दोघे घरी अभिनंदन करायला आले होते. चहा करावा लागला. हे पत्र लांब झालं आहे, कल्पना आहे. कापायचंच असेल तर आईच्या बाइंडरचा भाग कापा, वासुदेवरावांना हात लावू नका.

आणि दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीतच छापा. आतल्या पानावर, ‘हरवले आहे’च्या शेजारी, मुंगीच्या अक्षरात नको. छापताना ‘शंवाकि’मधल्या ‘वा’चा काना तेवढा पाहून घ्या.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, सांगली