मुलांच्या सिनेमाचे तारे मोजताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सहकुटुंब पाहायच्या साहसी-विनोदी चित्रपटांची परीक्षणे चार ओळींत उरकून खाली अडीच तारे छापले जातात. निपाणीहून कोल्हापूरला किंवा खानापूरहून बेळगावला पोरांना घेऊन सिनेमाला निघणाऱ्या आई-वडिलांना त्या ताऱ्यांचा काडीचाही उपयोग नाही.

1995 चा, जो जॉन्स्टन दिग्दर्शित ‘जुमांजी’ घ्या. जादूच्या सोंगटीपटाच्या खेळातून जंगलातली संकटे खरोखर घरात अवतरतात, अशी त्याची कथा. नामवंत अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला चारपैकी दीडच तारा दिला. लहान मुलांना तो फार भीतिदायक आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. तो खोटा नाही. माळ्याची जमीन दलदलीसारखी मऊ होऊन नायक ॲलन तीत रुततो आणि वरून अजस्र कोळी चालून येतात, तिथे सहा वर्षांचे मूल आईचा पदर धरणारच. पण दहा वर्षांचे मूल त्याच दृश्यासाठी तिकीट मागते! दीड तारा दोघांच्याही पालकांना एकच निरोप देतो. शिवाय त्यात एक गोष्ट झाकली जाते. ॲलनचे कडक वडील आणि बंदूक घेऊन त्याच्या मागे लागलेला शिकारी, या दोन्ही भूमिका जोनाथन हाइड या एकाच नटाने केल्या आहेत. शेवटी ॲलन शिकाऱ्यासमोरून पळत नाही. भीती वाटते, पण भीतीला सामोरे जावे असे वडिलांनी सांगितले आहे, असे तो त्याला सांगतो. चित्रपटाचा सारा जीव या जागेत आहे. संगणकावर तयार केलेली माकडे आज कच्ची वाटतात, हे मात्र मान्य.

टक्केवारीही जपून वाचावी. समीक्षकांची मते एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरचा आकडा म्हणजे गुणांची सरासरी नव्हे, किती समीक्षकांचे मत अनुकूल याचे ते प्रमाण आहे. दहाही जणांनी ‘बरा आहे’ म्हणत पाचपैकी तीन तारे दिले, तर 100 टक्के. सात जणांनी पाच आणि तिघांनी दोन दिले, तर 70. सरासरी काढा: पहिल्याची 3, दुसऱ्याची 4.1. कौटुंबिक चित्रपटांवर मते अशीच दुभंगतात, म्हणून तिथे हा आकडा जास्त फसवतो.

सीमाभागात भाषेचा प्रश्न वेगळाच. इथली मुले शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि टीव्हीवर हिंदी ऐकतात. इंग्रजी उपशीर्षके मात्र आठ वर्षांच्या मुलाला वाचून पुरत नाहीत. ‘जुमांजी’तल्या सोंगटीपटावर उमटणारी कोडी पात्रे मोठ्याने वाचतात, त्यामुळे डबिंगमध्ये कथा तुटत नाही. जिथे चिठ्ठी, नकाशा किंवा पाटी पडद्यावर नुसतीच दिसते, तिथे मूल अडते आणि शेजारच्याला विचारत बसते.

म्हणून विनंती अशी, की अशा परीक्षणासोबत जवळच्या चित्रपटगृहांत खेळ कोणत्या भाषेत आहे, लांबी किती मिनिटे, प्रमाणपत्र कोणते (2023 च्या कायदादुरुस्तीनंतर यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांची, 7+, 13+ व 16+ अशी विभागणी झाली आहे) आणि कोणते दृश्य घाबरवणारे, एवढे तरी द्यावे. घाबरवणारे दृश्य मध्यंतराआधी येते की नंतर, हेही लिहावे. आधी असेल तर धाकट्याला बाहेर नेऊन शांत करून परत आणता येते.

आपला,
एक चित्रपटप्रेमी वाचक, खानापूर (जि. बेळगाव)