निरोप कुठं अडतोय ते आधी बघ

विश्रामबाग, सांगली
रविवार

प्रिय विजय,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, 'उजेडाची बटणं चालत नाहीत, झाकण मिटलं तरी बॅटरी उतरते. लिनक्स काढतो आणि पुन्हा विंडोज टाकतो.' मला ते लागलं. जरा दम धर. हेच दुखणं माझ्या लॅपटॉपनं मागच्या पावसाळ्यात काढलं होतं.

स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करायची बटणं माझीही चालत नव्हती. मी आठवडाभर सेटिंग्ज उलटसुलट करत बसलो. बटण दाबल्याचा निरोप कुठपर्यंत पोचतो, हे मात्र बघितलंच नाही. तू तिथूनच सुरुवात कर. टर्मिनलमध्ये (हुकूम टाईप करायच्या खिडकीत) सुडो, म्हणजे मालकाचा अधिकार देणारा शब्द, लावून एव्हटेस्ट चालव. कुठलं बटण दाबलं ते दाखवणारा हा प्रोग्रॅम आहे. उपकरणांची यादी येईल. मी त्यातला कीबोर्ड निवडला होता. बटण दाबून दाबून बोट दुखलं, एक ओळ उमटली नाही. दुसऱ्या दिवशी 'व्हिडिओ बस' निवडलं आणि पहिल्याच दाबाला २२५ हा आकडा आला! उजेड वाढवायचा तो कोड, कमी करायचा २२४. म्हणजे बटण धडधाकट होतं. निरोप कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, येत होता, बॅकलाइटपर्यंत, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्यापर्यंत, जात नव्हता.

मग 'सिस' या कर्नलच्या फोल्डरमधल्या 'क्लास'मध्ये 'बॅकलाइट' फोल्डर उघडला. आत दोन नावं, एक 'एसीपीआय व्हिडिओ'चं, दुसरं इंटेलचं. सिस्टीम पहिल्याला हुकूम सोडत होती आणि दिवा होता दुसऱ्याच्या हातात. ग्रबच्या, म्हणजे लॅपटॉप चालू होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूत 'ई' दाबून कर्नलच्या ओळीला 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' जोडलं (इंग्रजी अक्षरांतच टाईप कर) आणि बटणं चालू झाली. असा बदल एका बूटपुरताच टिकतो, म्हणून आधी तसाच करून बघावा. जमला तर ग्रबच्या फाईलमध्ये कायमचा लिहून अपडेट-ग्रब चालव.

आता तुझं दुसरं गाऱ्हाणं, झाकण मिटल्यावर बॅटरी उतरण्याचं. मी तुझ्याकडे साताऱ्याला आलो होतो ना, तेव्हा एसटीत पिशवी मांडीवर होती. पेठ नाका सोडला आणि मांडीला धग लागायला लागली. पिशवीत हात घातला तर लॅपटॉप तव्यासारखा तापलेला. झाकण मिटलं होतं, पण आतलं यंत्र नीट झोपलंच नव्हतं.

'सिस'मधल्या 'पॉवर'मध्ये 'मेम_स्लीप' ही फाईल वाच. 'एसटूआयडल' आणि 'डीप' यांपैकी चौकटी कंसात असेल ती झोप चालू. डीपमध्ये रॅमपुरती वीज राहते, बाकी बहुतेक सगळं बंद होतं. एसटूआयडलमध्ये प्रत्येक भागानं आपापलं निजायचं असतं. एखादा जागा राहिला की बॅटरी खातो. माझ्याकडे डीप होतं, ते लावलं आणि रात्रभराची गळती थांबली. तुझ्याकडे फक्त एसटूआयडल दिसलं तर फर्मवेअरच (लॅपटॉपमध्ये कंपनीनं बसवलेला मूळ प्रोग्रॅम) डीप देत नाही असं समज आणि हायबरनेटची, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून यंत्र बंद करण्याची, तयारी कर. त्याला पुरेसं स्वॅप, म्हणजे डिस्कवरची राखीव जागा, लागतं. डीप लावताना आधी हातातलं काम सेव्ह कर, काही यंत्रं त्यातून उठताना काळा स्क्रीन दाखवतात.

आणि टीएलपी हा बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम टाकला असशील तर पॉवर-प्रोफाइल्स-डेमन हा तसाच दुसरा प्रोग्रॅम बंद ठेव. दोघं एकाच गोष्टीवर हात चालवतात.

मेम_स्लीपमध्ये काय येतं त्याचा फोटो पाठव. पुढच्या शनिवारी मी येतोच आहे, तोवर काही पुसू नकोस. काकूंना नमस्कार, वहिनींना सांग हळद घेऊन येतो.

तुझाच,
अविनाश