रजेच्या अर्जाला उत्तर कधी मिळते, ते विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘आजूबाजूच्या कंपन्यांपेक्षा जास्त पगार देतो, तरी पोरे टिकत नाहीत,’ ही चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या उद्योजकांची तक्रार नेहमी कानावर येते. तिच्या मागोमाग ‘हल्लीच्या मुलांना कष्टच नकोत’ हेही येते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. राजीनाम्याचा प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून जात असे. आमच्याकडे पगार खरोखरच चांगला होता. पण जी मुले गेली ती कष्टाला कंटाळून गेली, हे मी मान्य करणार नाही.

राजीनाम्यासोबत एक फॉर्म भरून घेतात. त्यात ‘नोकरी सोडण्याचे कारण’ हा रकाना असतो आणि बहुतेकांचे उत्तर एकच: घरगुती कारण. वरिष्ठांचे त्यावर समाधान होते, कारण घरच्या अडचणीला कंपनी तरी काय करणार? पण हा फॉर्म भरला कधी जातो, ते पाहा. त्याच दिवशी त्या मुलाला ‘नो ड्यूज’च्या, म्हणजे कंपनीचे काही देणे उरले नाही अशा कागदावर सुपरवायझरची सही हवी असते. फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे पैसे यायचे असतात, अनुभवाचा दाखला मिळायचा असतो. ज्याला कंटाळून तो चालला आहे, त्याच्याच सहीसाठी ताटकळत उभा आहे. अशा वेळी खरे कारण कोण लिहील?

म्हणून हिशेब पुरा होऊन पैसे खात्यात जमा झाले की दोन-तीन महिन्यांनी मी या मुलांना फोन करू लागले. संध्याकाळी, घरून, स्वतःच्या मोबाइलवरून. ‘आता काय उपयोग, मॅडम,’ अशी सुरुवात व्हायची आणि मग बोलणे थांबायचे नाही.

वाशीम जिल्ह्यातला एक मुलगा होता. आयटीआय फिटर, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) चांगला हात बसलेला, महाळुंग्यात चौघांत एक खोली. आमच्याकडून गेला तिथे त्याला महिन्याला दीड हजार रुपये कमी मिळत होते. बहिणीच्या साखरपुड्यासाठी त्याने तीन आठवडे आधी रजेचा अर्ज दिला होता. सुपरवायझरने तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. म्हणाला, ‘बघू.’ पुढच्या सोमवारी विचारले तर, ‘बघू, डिस्पॅचवर आहे, माल कधी जातो त्यावर.’ साखरपुडा दोन दिवसांवर आला तरी धड हो नाही, धड नाही नाही. ट्रॅव्हल्सचे तिकीट काढता येईना, घरी काय सांगावे ते कळेना. शेवटी तो न सांगताच गेला. परत आला तेव्हा गैरहजेरी लागली होती आणि हजेरी बोनस गेला होता. मला तो म्हणाला, ‘सरळ नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, मॅडम. घरच्यांना तारीख पुढे ढकलायला सांगितली असती.’

१९४८च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. ती त्याने काम करून मिळवलेली असते. ती मागताना त्याला उपकार मागितल्यासारखे का वाटावे?

असेंब्लीवरच्या मुलींकडून वेगळ्या शब्दांत हेच ऐकले. पुढच्या आठवड्याची पाळी शनिवारी सुटताना फलकावर लागायची. शेलपिंपळगावहून येणाऱ्या एकीचे मूल सासू सांभाळत असे, पण सासू स्वतः शेतावर मजुरीला जाणारी. सून पहिल्या पाळीला की दुसऱ्या, हे आधी कळले तर सासूला मुकादमाशी बोलून ठेवता येई. शनिवारी रात्री कळून काय करणार? त्यात चाकणची वाहतूक कोंडी, म्हणजे घरी पोहोचायच्या वेळेचाही भरवसा नाही. तिनेही फॉर्मवर ‘घरगुती कारण’च लिहिले होते.

आमच्या मासिक अहवालात राजीनामे विभागवार, महिनावार, वयोगटानुसार मांडलेले असत. मी ते सुपरवायझरच्या नावाने मांडून पाहिले. लाइन तीच, मशीन तेच, पगार तोच, कॅन्टीनचे जेवणही तेच. तरी एका पाळीतली माणसे टिकत होती आणि दुसरीतली गळत होती. ज्याची माणसे टिकत, तो सुपरवायझर खिशात छोटी डायरी ठेवायचा. अर्ज आला की दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीपर्यंत हो किंवा नाही, तोंडावर सांगून मोकळा. आपल्या माणसांना आपसात पाळी बदलून घेऊ द्यायचा. त्याने मंजूर केलेल्या रजा इतरांपेक्षा जास्त नव्हत्या, हे मी रजिस्टर काढून पाहिले आहे.

दुसऱ्या सुपरवायझरवर सगळा दोष ढकलणेही मला पटत नाही. खर्च कमी करण्याच्या फेरीत त्याच्या पाळीतला रिलीव्हर, म्हणजे रजेवरच्या माणसाच्या जागी उभा राहणारा जादा कामगार, काढून घेतला होता. एकाला रजा दिली की त्याला स्वतःला मशीनवर उभे राहावे लागे आणि संध्याकाळी उत्पादनाच्या आकड्यावरून बोलणी खावी लागत. ‘बघू’ म्हणण्यावाचून त्याच्या हातात फारसे काही ठेवलेलेच नव्हते. एका रिलीव्हरचा पगार वाचला. त्या बदल्यात दर महिन्याला नवी मुले, त्यांचे शिकणे, तोवर होणारे रिजेक्शन (नापास होणारा माल) आणि जुन्यांवर पडणारा ओव्हरटाइम आला. हा खर्च कोणी एका कागदावर मांडत नाही, म्हणून तो दिसत नाही.

पगार वाढवला की माणसे टिकतात, यासाठी अमेरिकेतले मोटार कारखानदार हेन्री फोर्ड यांचा दाखला देतात. १९१३मध्ये त्यांना सुमारे १४ हजार कामगार कायम राखण्यासाठी वर्षभरात ५० हजारांहून अधिक माणसे भरावी लागली. जानेवारी १९१४मध्ये त्यांनी दिवसाला पाच डॉलर जाहीर केले आणि गळती झपाट्याने कमी झाली. हे खरेच आहे. पण त्याच घोषणेत कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आला होता, आणि त्याच्या काही महिने आधी कामगाराला परस्पर काढून टाकण्याचा फोरमनचा अधिकार काढून घेतला होता. एवढा भाग सांगायचा राहून जातो.

उद्योजक संघटनांना माझी विनंती आहे. सोडून गेलेल्याला कारण विचारायचे तर त्याचे पैसे चुकते झाल्यावर विचारा, आणि ज्याच्या सहीची त्याला गरज नाही अशा माणसाने विचारावे. पाळ्यांचा तक्ता निदान पंधरा दिवस आधी लावा. रजेच्या अर्जाला दोन दिवसांत लेखी उत्तर द्या, नकार असला तरी. आणि आपल्या वार्ताहरांनाही सांगावेसे वाटते: पुढच्या वेळी ही तक्रार छापताना त्या कंपनीत रजेच्या अर्जाला उत्तर किती दिवसांत मिळते, तेवढे विचारून बातमीत लिहावे.

– एक निवृत्त मनुष्यबळ अधिकारी, राजगुरुनगर (जि. पुणे)