इंजेक्शन थांबवू नकोस

नाशिक, गंगापूर रोड

प्रिय सुधीर,

"जबडा सरळ केला की एमएस बरा होतो म्हणे, मग इंजेक्शनं कशाला घेऊ?" हे तू फोनवर विचारलंस, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. बाबा रे, एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिसचं) इंजेक्शन थांबवू नकोस.

वृंदाचा जबड्याचा सांधा दुखतो, तुला ठाऊकच आहे. तोंड उघडलं की कानापुढे कट्ट वाजतं. भाकरीचा घास चावताना ती गालाला हात लावून थांबते. झोपेत दात खायची सवय. रात्री दातांवर लावायची प्लेट, शेक, जबड्याचे व्यायाम यांनी पुष्कळ उतार पडला. पण तिचं दुखणं सांध्याचं आणि स्नायूंचं. तुझ्या एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर उठते. २०२२ साली अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. जबड्यामुळे एमएस होतो, हे मात्र कुठेच सिद्ध झालेलं नाही.

मग जबड्याच्या उपचाराने काहींना एमएसमध्ये गुण कसा येतो? एमएसचा झटका बऱ्याचदा काही आठवड्यांत आपणहून ओसरतो. त्याच सुमारास प्लेट बसवलेली असली की श्रेय प्लेटला जातं. ती माणसं खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. शिवाय जबड्याचं दुखणं आणि एमएस, दोन्ही आजार ऐन तारुण्यात आणि बायकांत जास्त दिसतात, त्यामुळे एकाच माणसाला दोन्ही असणं काही नवलाचं नाही.

मला खरी काळजी तुझ्या दुसऱ्या बोलण्याची आहे. तोंड धुताना गालाला पाणी लागलं की वीज चमकल्यासारखी कळ येते आणि क्षणात जाते, म्हणालास. वृंदाचं तसं नाही, तिचा जबडा तासन्‌तास ठणकतो. चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस मेंदूत शिरते तिथलं मायलिन झिजलं की अशा कळा येतात, आणि एमएसच्या रुग्णांत हे इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं. त्यावर कार्बामाझेपिनसारखी औषधं आहेत. दाताचं दुखणं समजून अशा लोकांचे चांगले दात उपटले गेलेत, म्हणून न्यूरॉलॉजिस्टना दाखवल्याशिवाय एकाही दाताला हात लावू देऊ नकोस.

शुक्रवारी पंचवटी एक्सप्रेसने ये, एमआरआयच्या फिल्म घेऊन. मी नाशिकरोडला घ्यायला येतो. आधी न्यूरॉलॉजिस्ट, मग वृंदाचे दंतवैद्य. सांधाही दुखत असला तर प्लेट करूच, इंजेक्शन चालू ठेवून.

तुझा,
अनिल