मिशन शाळांचा खजिनदार झालेल्या मित्रास

प्रिय रत्नाकर,

सप्रेम सलाम.

खजिनदारकी घेतलीस ते बरं केलंस. हिशेब कळणारा माणूस विश्वस्त मंडळात लागतोच. तू विचारलंस की शाळा, बोर्डिंग, शेतजमीन हा सगळा पसारा नेमकं कोण चालवतं. लेटरहेडवरच्या नावांवर जाऊ नकोस. खेड्यातली मिशन शाळा दोघांच्या जिवावर चालते: गावात वस्तीला राहणारा मास्तर आणि ऑफिसात दप्तर सांभाळणारा कारकून. त्या दोघांना नीट काम करू देणं हे मंडळाचं काम. हे लिहायला सोपं आहे. बहुतेक मंडळं इथेच घसरतात.

नगरकडचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकन मराठी मिशन हे अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचं मिशन १८१३ साली मुंबईत आलं, १८३१ साली नगरला. त्यातल्या मिशनरी शिक्षिका सिंथिया फॅरारबाई १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ पासून नगरला राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुले त्यांच्याकडे शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला गेल्या होत्या, हे आपल्याकडे प्रत्येक कार्यक्रमात ऐकायला मिळतं. खेडेशाळांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. १८५४-५५ मध्ये मिशनच्या मुख्य कार्यालयाचे रुफस अँडरसन यांचं शिष्टमंडळ अमेरिकेहून पाहणीला आलं आणि इंग्रजी शाळांवरचा भर कमी करून मराठी शाळा, खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्या आणि इथले पाळक यांच्याकडे काम वळवायचं ठरलं. नेवासे तालुक्यात वडाळ्याला मिशनरी सॅम्युअल फेअरबँक राहत. पण एक साहेब घोड्यावरून किती गावं फिरणार? गावची शाळा मराठी मास्तरच चालवी, आणि तो बहुधा महार किंवा मांग समाजातून आलेला, नगरला शिकून परतलेला असे. दिवसा मुलांची बाराखडी आणि उजळणी, संध्याकाळी मोठ्यांना वाचायला शिकवणं, रविवारी उपासना, असा त्याचा आठवडा. बायको शिकलेली असली तर मुली तिच्याकडे बसत. साहेबांची नावं पुस्तकांत आहेत, मास्तरांची शोधावी लागतात.

पैशाचा घोळही तेव्हापासूनचा. शिक्षणाबद्दलच्या १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट खुली झाली. पुढे मुंबई इलाख्यात निकालावर अनुदान मोजायची पद्धत आली. इन्स्पेक्टर येणार, एकेका मुलाची इयत्तेप्रमाणे परीक्षा घेणार, पास होतील तेवढ्यांचे पैसे मिळणार. याचा परिणाम तुला सांगायला नकोच. मास्तर हुशार मुलांना घोटून घेई आणि कच्ची पोरं मागच्या रांगेत तशीच राहत. सुगीत पोरं शेतावर गेली की परीक्षेच्या दिवशी पट रिकामा, म्हणजे वर्षभराची मेहनत पाण्यात. आजची संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करणं, त्याच वाणाची आहे, फक्त पोर्टलवर गेली आहे.

तुमच्या अनुदानित शाळांचं गणित असं बसतं. ३० सप्टेंबरचा पट धरला जातो आणि त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, तक्त्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. राज्याचे शासन निर्णय यात मधूनमधून फेरफार करतात, म्हणून चालू निर्णयाची प्रत फाइलला लावलेली असू दे. मूल वर्गात बसलंय एवढ्याने भागत नाही, त्याचं आधार पोर्टलवर वैध ठरावं लागतं. इथेच कारकुनाची किंमत कळते. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या दाखल-नोंदवहीत, ‘ज्ञानेश्वर’ आणि आधारावर ‘दन्यानेश्वर’, जन्मतारखेत दिवस-महिना उलटा, आईचं नाव कुठे माहेरचं तर कुठे सासरचं. असं एकेक मूल अवैध दाखवतं आणि सीमारेषेवरच्या शाळेतला एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. चांगला कारकून हे काम जून-जुलैतच उरकतो. पहिलीचं मूल दाखल होतानाच जन्मदाखला आणि आधार समोरासमोर ठेवून तो अक्षर न् अक्षर ताडतो, चूक असली तर पालकाला तेव्हाच आधार केंद्रावर धाडतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पळापळ सुरू झाली, तर समज की शाळेत कारकून नाही किंवा असून नसल्यासारखा आहे.

त्याच कारकुनाच्या कपाटात तुमच्या संस्थेची सर्वांत मोलाची वस्तू आहे: जुनी जनरल रजिस्टरं. जात पडताळणीला अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. ज्या गावात तेव्हा मिशनचीच शाळा होती, तिथे आजोबांच्या नावाची नोंद दुसरीकडे कुठे मिळणार? कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून तर रांगा वाढल्या आहेत. म्हणून ही रजिस्टरं लोखंडी कपाटात, भिंतीपासून आणि जमिनीपासून उचलून ठेवायची. पावसाळ्यापूर्वी एकदा पानं उलगडून बघायची, कारण वाळवी बाहेरून दिसत नाही, पुठ्ठा धडधाकट आणि आत भुसा. स्कॅन करून दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. जुन्या नोंदीला मात्र कोणी पेन लावता कामा नये. ‘ख्रिस्ती’ या शब्दापुढे जात घाला किंवा तो खोडा, अशी गळ घालणारे येतात, आणि त्यांची अडचण खरी असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरतात. हा कायदा अन्याय करतो असं माझं मत आहे. तरी त्यावरचा उपाय रजिस्टरमधली खाडाखोड नव्हे. तसं करणारा कारकून आणि मुख्याध्यापक दोघेही फौजदारीत अडकतात.

आता मास्तर. अप-डाऊन करणारा शिक्षक वाईट असतो असं मी म्हणणार नाही. पण पाथर्डी, शेवगाव, जामखेड पट्ट्यात शेवटच्या एसटीकडे डोळा ठेवून शाळा चालत नाही. दसऱ्याच्या सुमाराला मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली ऊसतोडणीच्या कोयत्याची बिऱ्हाडं साखर कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ३० सप्टेंबरचा पट त्याआधी झालेला असतो, त्यामुळे कागदावर सगळं ठीक आणि नोव्हेंबरात वर्ग अर्धा. गावात राहणारा मास्तर ऑगस्टमध्येच घरोघर फिरून यादी करतो: कोण जाणार, कोणत्या कारखान्याला, मागे आजी-आजोबा आहेत का, धाकट्याला सांभाळायला थोरलीला नेणार आहेत का. आजी असेल तिथे मूल तिच्याकडे ठेवायचं आणि दुपारनंतर हंगामी वसतिगृहात जेवण नि अभ्यास. कोणीच नसेल तर बोर्डिंगला जागा करायची. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे कारखान्याजवळची शाळा त्याला बसवून घेते. थोरल्या मुलींचं सर्वांत कठीण. दहा-अकरा वर्षांची पोर कोपीवर, म्हणजे तोडीच्या जागच्या झोपडीत, स्वयंपाक आणि धाकटं भावंड सांभाळते, म्हणून आई तिला सोडायला तयार नसते. तिथे मास्तरचं चालत नाही, पाळकबाई किंवा शेजारची बचत गटाची बाई आईशी बोलली तर जमतं. अशा बायकांची नावं तुमच्या कुठल्याच अहवालात नसतील. एकदा विचारून लिहून घे.

स्वयंपाकीण मावशींनाही भेट. पोषण आहाराचं प्रमाण पहिली ते पाचवीला दर मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम असं आहे. सहावी ते आठवीला दीडपट. म्हणजे प्राथमिकची ४२ मुलं हजर असतील तर तांदूळ ४ किलो २०० ग्रॅम, डाळ ८४० ग्रॅम, तेल २१० ग्रॅम. चुलीजवळ उभा राहून एकदा हे वजन करून घे. घोटाळा बहुधा चोरीचा नसतो, मापाचा असतो. ‘दोन डबे’ तांदूळ रोज शिजतो, मुलं ३० असोत की ४५, आणि महिनाअखेरीला साठा वहीशी जुळत नाही. मग हजेरी फुगवायचा मोह होतो. डब्याच्या जागी काटा दे आणि हजेरी झाल्यावरच तांदूळ काढायची शिस्त लाव. वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन नोंदवहीत सही करायची असते. तिथे आठवडाभराच्या सह्या एकाच शाईने, एकाच दमात केलेल्या दिसल्या तर काय समजायचं ते तुला कळेलच.

बोर्डिंगबद्दल एकच सांगतो, पण ते नीट ध्यानात घे. मुलाशी गैरप्रकार झाल्याचं कानावर आलं की ‘आपल्यातच मिटवू, मंडळीची बदनामी नको’ म्हणणारे वडीलधारे पुढे येतात. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असून पोलिसांत न कळवणं हाच गुन्हा आहे. यावर बैठक बोलवायची नसते, त्याच दिवशी कळवायचं.

प्रार्थनेचा मुद्दाही निघेल. तुमच्या शाळांत ख्रिस्ती मुलं थोडी, बाकीची सगळ्या समाजांची. अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला मुलाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेचं कलम २८(३). तेव्हा परिपाठ सगळ्यांचा, उपासना बोर्डिंगच्या चॅपलमध्ये आणि ज्यांना यायचं त्यांची.

उरलं तुझं स्वतःचं खातं. परदेशी देणगी येत असेल तर ती आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरते; तिथून इथल्या वापराच्या खात्यात आणता येते. त्या खात्यात चर्चमधल्या सुगीच्या सणाच्या लिलावाचा एक रुपयाही जाऊ देऊ नकोस. कोंबडी, ज्वारीचं पोतं, लोणच्याची बरणी यांच्या बोलीतून जमलेले पैसे देशी खात्यात, पावतीवर. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीपासून ही देणगी दुसऱ्या संस्थेला वळती करता येत नाही आणि त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही. शाळेच्या शिक्षकांचा पगार मात्र प्रशासकीय धरत नाहीत, त्यामुळे विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा पगार ‘कार्यालयीन’ शीर्षकाखाली टाकलेला असेल तर तो आधी वेगळा काढ. वार्षिक विवरण ३१ डिसेंबरच्या आत जायला हवं.

आणि जमीन. मिशनच्या जागा एकेकाळी गावाबाहेर होत्या, आज त्या बाजारपेठेत आल्या आहेत. चहा पाजायला येणारे बरेच भेटतील. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. त्या परवानगीशिवाय शेतजमीन १० वर्षांपेक्षा आणि बिनशेती जागा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल. हा दाखल न करणं ही आपल्या संस्थांची जुनी खोड आहे. पीटीआरवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीत, दिवंगत मंडळींची नावं तशीच राहतात, दोन गट उभे राहतात, दोघेही स्वतःला खरे विश्वस्त म्हणवतात, बँक सह्या थांबवते आणि स्वयंपाकीण मावशींचं मानधन लटकतं.

तेव्हा पहिल्या पंधरवड्यात धर्मादाय कार्यालयातून पीटीआरचा ताजा उतारा काढ. हयात विश्वस्तांच्या नावांवर खूण कर, जमिनीचे गट नंबर वेगळ्या कागदावर उतरव आणि सोबत त्यांचे सातबारे जोडून मला पाठव. कुठे कोणाचं नाव परस्पर चढलंय ते दोघे मिळून ताडून बघू.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मनोहर