ई मायनर सोनाटा आणि तुझा उजवा हात

लाइपझिग,
१४ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, याची लाज वाटते. गुडघा आता बरा आहे. आज लिहायला बसलो ते माझी फ्लूट आणि तुझा पियानो मिळून आपण वाजवायचो त्या बाखच्या ई मायनर सोनाटामुळे, आणि ही गोष्ट तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

काल इथल्या एका हार्प्सिकॉर्ड (पियानोआधीचे तारांचे कळवाद्य) वाजवणाऱ्या बाईंकडे तालीम होती. त्यांच्यासमोरच्या पानावर उजव्या हातासाठी एकही स्वर छापलेला नव्हता. खर्जाची एक ओळ आणि तिच्यावर कोणते स्वर जोडायचे ते सुचवणारे ६, ७, ४-३ असे आकडे, एवढेच. जी मेजरमधल्या आपल्या अँदान्तेत, म्हणजे संथ भागात, चेलो आणि त्यांचा डावा हात ती ओळ घेऊन शांतपणे चालू लागले, आणि मी शिरलो तेव्हा त्यांच्या उजव्या हाताने माझ्याखाली जेमतेम दोन स्वर ठेवले. तोच भाग पुन्हा घेतला, तेव्हा त्याच आकड्यांतून त्यांनी एकेक स्वर असा सोडत नेला की वाजवता वाजवता मला पुण्यातली ती खोली आठवली. तू हेच करत होतास, आणि मी पानावर बोट ठेवून म्हणालो होतो, "बाखने लिहिले आहे तेवढेच वाजव."

ते बाखने लिहिलेलेच नव्हते. आपल्या पुस्तकातला उजवा हात संपादकाने आकड्यांवरून भरलेला होता. बाखच्या काळी ते काम वादकाने त्या त्या वेळी करायचे असे. हे तू त्या दिवशीही सांगितलेस, तरी मी कार्यक्रम रद्द केला. तू पियानोचे झाकण आपटले असतेस तर बरे वाटले असते, पण तू ते दोन्ही हातांनी हळूच मिटलेस. चूक माझी होती.

आता खरी चिंता सांगतो. दुसऱ्या भागातल्या ज्या जलद अलेग्रोला काकू "कुणी मागे लागले आहे का रे?" म्हणायच्या, त्यात धावते स्वर संपत नाहीत आणि श्वासाला जागा सापडत नाही. पूर्वी मी तू पेन्सिलीने काढलेल्या स्वल्पविरामांवर श्वास घेत असे. भांडणानंतर ते मी रागाने खोडले. आता तिथे खोडरबराचे करडे डाग तेवढे आहेत. काल एकाच जागी तीनदा दम संपला. सर सांगत तसा आधीच श्वास घेतला तर स्वरवाक्य मधेच तुटते, आणि पुढे ढकलला तर खालचे स्वर नुसती हवा होऊन जातात. बाई म्हणतात, खर्ज जिथे टेकतो तिथे त्या किंचित थांबतील; पण इतकी वर्षे फक्त वरची ओळ वाचल्यामुळे तो नेमका कुठे टेकतो, हे मला लवकर दिसत नाही. तू त्या खुणा खालची ओळ वाचून केल्या होत्यास, हे आता लक्षात येते.

तुझी बदली, लेकीची दहावी, आईंचे डोळ्यांचे ऑपरेशन, सगळे ताईकडून कळले. सविस्तर लिही.

कार्यक्रम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. तुझ्या प्रतीतही त्या खुणा होत्या. ती सापडली तर दुसऱ्या भागाच्या पानांचे फोटो पाठव. आणि जमल्यास अँदान्ते एकदा तुझ्या हाताने वाजवून, ध्वनिमुद्रित करून पाठव. छापील उजव्या हाताकडे पाहू नकोस.

तुझाच,
फ्लूटवाला