नागपूरच्या महाल भागातल्या फोटो स्टुडिओवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी दुकानाचं शटर ओढून तुम्ही मला फोटोची रचना शिकवलीत, तीही एक पैसा न घेता. त्याबद्दल हे जाहीर आभार.

दीक्षाभूमीचा स्तूप म्हणजे १२० फूट उंच, तेवढ्याच व्यासाचा घुमट. जवळून कॅमेरा वर केला की उभ्या रेषा आत झुकतात. तुम्ही मला मागं मागं नेलंत, तोरणातून घुमट बरोबर मधोमध दिसेपर्यंत. "कॅमेरा सरळ धर, पाय हलव." चौकटीतली चौकट कशाला म्हणतात, ते मग वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

तृतीयांशाचा नियम फुटाळा तलावावर शिकले. मोबाइलची ग्रिड लावायची, म्हणजे चौकट आडव्या-उभ्या रेषांनी तीन-तीन भागांत विभागली जाते. ढग बघण्यासारखे असले तर क्षितिज खालच्या रेषेवर, प्रतिबिंब सुंदर असेल तर वरच्या. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं हे १७९७ मध्ये निसर्गचित्रांसाठी लिहून ठेवलं, फोटोग्राफीचा शोध लागायच्याही आधी. पाणी अगदी स्थिर असलं तर क्षितिज खुशाल मधोमध घे, हेही तुम्हीच सांगितलंत.

पण खरं ऋण मारबतीचं, म्हणजे इडा-पिडा घालवण्यासाठी मिरवत नेतात त्या पुतळ्याचं. पोळ्याचा दुसरा दिवस, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत"चा गजर, वर लोंबणाऱ्या वायरी, उंचावलेले मोबाइल. एवढ्या कल्लोळात काय टिपायचं? तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, "आधी चारही कडा पाहून घे, मंग बटन दाब." कडेला अर्धा कापलेला चेहरा, कुणाच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब... जागा बदलत एकेक बाहेर काढायला लावलंत. मग गुडघ्यावर बसवलंत. गर्दी तळाशी गेली आणि पावसाळी आभाळावर उरली फक्त पिवळी मारबत. ती जाते आहे त्या बाजूला मोकळी जागा सोडायला लावलीत, तेव्हा ती फोटोतही चालू लागली. फ्रेममध्ये काय नको हे ठरवणं मला या कलेतलं सगळ्यात अवघड काम वाटतं, आणि तुम्ही ते भर गर्दीत शिकवलंत.

त्याच फोटोची मोठी प्रिंट पाठवते आहे. अजून काही काढायला हवं होतं असं वाटलं, तर नक्की सांगा. काकूंना नमस्कार.

तुमची विद्यार्थिनी